डॉक्टरांच्या सोफ्याची मुलगी

पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या, असं ते घर होतं. दुकानात बाबा लोकांचे सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचे. जुनं कापड फाडायचं, आतला काथ्या उपसायचा, स्प्रिंगा बदलायच्या आणि वर नवं कापड ताणून बसवायचं. काम साचलं की दुकानात जागा उरायची नाही, मग सोफे मागच्या खोलीत यायचे. घरच्यांसाठी चार घडीच्या खुर्च्या आणि एक पत्र्याची ट्रंक होती. "आपल्याकडे बसायला इतकं आहे, की बसायला जागा नाही," असं आई म्हणायची.

बाबा काम करताना बारीक खिळे तोंडात धरायचे. कारागीर त्यांना चुका म्हणतात. जिभेनं एकेक चूक ओठांवर आणायची, हातोडीच्या लोहचुंबकाला चिकटवायची आणि ठोकायची. त्यामुळे दिवसाचा बराच वेळ त्यांचं तोंड भरलेलं असायचं आणि काही विचारलं की ते नुसतं "हं" म्हणायचे. होकाराचा हं वेगळा, नकाराचा वेगळा. आई सांगायची, "लग्नात मला वाटलं माणूस शांत आहे. नंतर कळलं, तोंडात चुका आहेत."

गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसायचं नाही, हा बाबांचा एकच नियम. धाकटी मुलगी तो रोज मोडायची.

तिला सोफ्यांच्या फटीत हात घालायची सवय होती. आत काहीबाही सापडायचं. केसाची पिन, पेनाचं टोपण, कुणाचं तरी बटण, फुटका कंगवा. त्यावरून ती ते घर रचायची. पिन आहे म्हणजे मोठी ताई आहे. पेनाचं टोपण आहे म्हणजे वडील ऑफिसात साहेब आहेत. मग ती त्या घरची मुलगी व्हायची. सोफ्यावर पाय लांब करून बसायची आणि आपल्याच घरच्यांना नोकर करायची. आई स्वयंपाकीण, बाबा कारागीर. दादाला तिनं ड्रायव्हर केलं, तर तो म्हणाला, "ड्रायव्हर नको. ड्रायव्हरला कामं असतात. मी कुत्रा होतो." आणि तो सोफ्याखाली जाऊन झोपला.

आई स्वयंपाकीण व्हायला लगेच तयार व्हायची. पदराला हात पुसत दारात यायची. "बाईसाहेब, पान वाढलंय. आज खास कालचीच भाजी केलीय."

"मला नको. आमच्याकडे हे खात नाहीत."

"मग तुमच्याकडच्यांना सांगा पाठवायला. माझी भांडी वाचतील."

बाईसाहेब हे नाव तिला तेव्हापासून चिकटलं. पुढं सगळे तिला त्याच नावानं हाक मारायला लागले, दुकानात कापड टाकायला येणारा माणूससुद्धा.

ती आठ वर्षांची असताना डॉक्टरांचा सोफा आला. कापड बाहेरून यायचं होतं, ते येईना, म्हणून तो मागच्या खोलीत बरेच दिवस राहिला. शेवटी हिरवी मखमल आली आणि बाबांनी ती अशी बसवली, की कुठं सुरकुती नाही. त्या सोफ्याच्या फटीत तिला काहीच सापडलं नव्हतं. त्यामुळे ते घर तिला हवं तसं रचता आलं. तिथं कुणी ओरडत नाही, ठोकाठोक नाही, सरसाचा वास नाही. तिला स्वतःची खोली आहे. खिडकीत झाड आहे.

सोफा न्यायला टेम्पोवाला आला, तेव्हा ती त्यावर चढून बसली.

"ऊठ गं," दादा म्हणाला.

"मी नाही उठणार. मी यांच्याबरोबर जाणार. मी त्यांचीच आहे."

आई हसली. "बाईसाहेब, पुरे आता. माणूस खोळंबलाय."

"तू माझी आई नाहीस. तू स्वयंपाकीण आहेस."

हे ती रोजच म्हणायची. पण त्या दिवशी रडत म्हणाली, हातांनी सोफ्याची कड घट्ट धरून. आईचं हसू ओठांवरच राहिलं. टेम्पोवाला छताकडं बघायला लागला. बाबांनी तोंडातल्या चुका तळहातावर काढल्या, डब्यात टाकल्या आणि म्हणाले, "उचला. मुलीसकट."

टेम्पोच्या मागं, उघड्यावर, हिरव्या सोफ्यात बसून ती गावातून गेली. दोन्ही बाजूंनी दुकानं मागं मागं जात होती. सायकलवरचा एक माणूस तिच्याकडं बघून हसला. तिनं मान वळवली, कारण बाईसाहेब रस्त्यातल्या माणसांशी बोलत नाहीत.

डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर राहायचे. सोफा खिडकीपाशी ठेवला गेला. बाबा डॉक्टरीणबाईंशी हळू आवाजात काही बोलले. बाई आधी गोंधळल्या, मग "असू दे, असू दे," म्हणाल्या. बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले.

"मी जातो. संध्याकाळी येईन. नाही आवडलं तर माझ्याबरोबर चल. आवडलं तर राहा."

ती मोठ्या माणसासारखी "बरं" म्हणाली.

डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या. त्यांनी बशीत दोन बिस्किटं दिली, पेलाभर दूध दिलं आणि "पाय वर नको घेऊस हं," म्हणून त्या वर्तमानपत्र वाचत बसल्या. आतल्या खोलीचं दार बंद होतं, त्यामागं त्यांचा मुलगा अभ्यास करत होता. घड्याळ वाजत होतं. बाकी काही वाजत नव्हतं. खिडकीत झाड नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती. थोड्या वेळानं डॉक्टर जेवायला आले. जेवून ते तिच्या शेजारी येऊन बसले, सोफ्यावर दोनदा तळवा दाबला, "छान बसवलाय," असं कुणाला तरी म्हणाले आणि बसल्या बसल्या झोपले. ती कोण, हे त्यांनी विचारलं नाही.

तिला लघवीला लागली होती. कुठं जायचं ते माहीत नव्हतं. विचारायचं तर काय म्हणून हाक मारायची, ते कळेना. या घरची मुलगी असती तर "आई" म्हणाली असती. डॉक्टरीणबाई भांडी आवरायला आत गेल्या होत्या. तिनं मांड्या घट्ट आवळून धरल्या, भिंतीकडं बघितलं, आणि मग ते झालंच. गरम, मग लगेच गार. मखमल काळपट हिरवी झाली. डॉक्टर घोरत होते. ती आवाज न करता रडायला लागली, पण आवाज झाला असावा.

जाळीच्या दारातून बाबा आत आले. त्यांनी एकदा तिच्याकडं आणि एकदा सोफ्याकडं बघितलं. तिला उचलून कडेवर घेतलं, आठ वर्षांच्या मुलीला, आणि दुसऱ्या हातानं ओली गादी उपसून काखेत मारली. डॉक्टर दचकून जागे झाले. बाई बाहेर आल्या.

"एक स्प्रिंग वर येतेय," बाबा म्हणाले. "माझ्याकडून राहिली. परवा आणून देतो."

"अहो, आता तर आणलात," बाई म्हणाल्या. "इतक्या वेळा कोण ये-जा करणार?"

"चुकलं माझं."

खाली टेम्पो उभा होताच. घरी आल्यावर बाबांनी ती गादी सगळी उसवली, काथ्या नवा भरला, मखमलीचा तुकडा बदलला. आईनं तिला न्हाऊ घातलं आणि काही विचारलं नाही. दादानं विचारलं, तर त्याला आईनं दुकानात पिटाळलं. खेळ त्या दिवशी संपला. पण त्यामुळे तिला घर आवडायला लागलं, असं काही झालं नाही. उलट त्या दिवसानंतर तिला घरात सगळ्यांसमोर उघडं पडल्यासारखं वाटायचं. बाबांच्या नजरेला नजर देणं ती टाळायची. ती अभ्यासाला लागली. तिला तिथून जायचं होतं.

ती गेलीही. दुसऱ्या शहरात एका मोठ्या हॉटेलात तिला नोकरी लागली. खोल्या नीट लावल्यात की नाहीत, ते बघायचं काम. चादरीला घडी नको, आरशावर डाग नको, आधी कुणी राहून गेलं असं वाटता कामा नये. तिला ते चांगलं जमायचं. पुढं लग्न झालं. नवरा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता, शांत आणि टापटिपीचा. त्याच्या तोंडात चुकाही नव्हत्या, तो खरंच शांत होता. त्यांच्या फ्लॅटमध्ये कुठं आवाज नसायचा. माहेरी ती वर्षातून एकदा यायची, दोन दिवस, आणि घडीच्या खुर्चीच्या कडेवर बसायची. आई म्हणायची, "नीट टेकून बस की." ती म्हणायची, "ठीक आहे."

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. एका सकाळी नवरा नाश्त्याला बसला आणि म्हणाला, की तो आता दुसरीकडं राहायला जाणार आहे. दुसरं कुणीतरी आहे. सांगायला उशीर झाला, याबद्दल त्याला वाईट वाटतं.

तिनं विचारलं, "आणखी एक टोस्ट देऊ?"

त्यानं बशी बाजूला सारली. मग म्हणाला, "नको."

ती कामावर गेली. तिनं खोल्या तपासल्या. दुपारी एका खोलीत पलंगाच्या कडेवर बसली आणि उठायचं आहे, एवढंच तिच्या लक्षात राहिलं, उठायचं कसं ते राहिलं नाही. हॉटेलच्या डॉक्टरांनी तिला रजा घ्यायला सांगितली. ती एक बॅग घेऊन घरी आली.

घरात कुणी रडलं नाही, कारण ती रडली नाही. तिनं जे झालं ते चार वाक्यांत सांगितलं, बसचं वेळापत्रक सांगावं तसं. दादा मुठी आवळून म्हणाला, "त्याला मी बघतो." ती म्हणाली, "कशाला?" आणि ती खरोखरच विचारत होती. आईचं तोंड एरवी दिवसभर चालायचं, पण तिनं एकही प्रश्न विचारला नाही. तिनं कपाटातला एक कप्पा रिकामा केला आणि त्यातलं सामान ट्रंकेत कोंबलं. ट्रंक लागेना, तर तिच्यावर बसून ती लावली.

झोपायला जागा नव्हती. ट्रंकेपाशी गादी घातली तर दार उघडत नव्हतं. बाबा मागच्या खोलीत आलेल्या एका लांब सोफ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "हं." आई चकित झाली. "गिऱ्हाइकाच्या?" बाबांनी पुन्हा हं केलं, होकाराचा.

तेव्हापासून सोफा बदलला की तिचं अंथरूण बदलायचं. आई चादर घालताना सांगायची, "आज तू वकिलांकडं आहेस. शुक्रवारी ते घेऊन जाणार, मग मुख्याध्यापिकाबाईंकडं. त्यांचा जरा आखूड आहे, पाय दुमडून झोप." ती "बरं" म्हणायची. आई थोडा वेळ तिच्या चेहऱ्याकडं बघत थांबायची आणि मग दिवा मालवायची.

तिला दुःख होत नव्हतं. एकाच बाजूला फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याला काढल्यासारखा वाटतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. शेजारणी येऊन हात धरायच्या. ती त्यांना चहा करून द्यायची. जेवण पानात पडेल ते खायची. आई म्हणायची, "कशी झालीय?" ती म्हणायची, "चांगली." मीठ घालायचं राहिलं होतं त्या दिवशीही ती "चांगली" म्हणाली. आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

बाबांनी काही दिवस वाट बघितली. मग एका सकाळी त्यांनी एका खुर्चीचा सांगाडा तिच्यासमोर आणून ठेवला, हातात पक्कड दिली आणि मुद्दाम तोंड रिकामं करून म्हणाले, "चुका काढ. आमचा धंदाच लोकांच्या चुका काढायचा."

दादा हसला. ती हसली नाही, पण तिनं पक्कड घेतली. जुन्या कापडाखाली गंजलेल्या चुकांची रांग होती. एक पकडायची, किंचित पिळायची, ओढायची. ते करताना काही वाटायची गरज नव्हती. दुपारपर्यंत खुर्ची मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी बाबांनी दुसरी ठेवली. असे दोन महिने गेले. हॉटेलातून एकदा फोन आला, तिनं रजा वाढवून घेतली. नवऱ्याच्या वकिलाचा फोन आला, तिनं सांगतील तिथं सह्या करते म्हणून सांगितलं.

टेम्पोवाला अजून यायचा. आता म्हातारा झाला होता, टेम्पो त्याचा पुतण्या चालवायचा आणि तो नुसता शेजारी बसून सूचना द्यायचा. एकदा पुतण्या आणि दादा सोफा चढवत होते. बाबा बाहेर दोर बांधायला गेले होते. म्हातारा दुकानात तिच्याजवळ टेकला.

"काय बाईसाहेब, ओळखलंत का? तुमच्यामुळे माझ्या दोन फेऱ्या बुडाल्यात."

"कधी?"

"तुम्ही डॉक्टरांची मुलगी झालात तेव्हा! तुझ्या बापाला म्हटलं, चल, सोडतो दुकानात, संध्याकाळी परत येऊ. ऐकेल तर शपथ. अख्खी दुपार तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसला. दाराच्या अगदी बाहेर, अशी पाठ भिंतीला लावून. मला म्हणाला, तू खाली थांब. मी दोनदा वर गेलो, दोनदा मला हातानं गप्प केलं. जेवला नाही, पाणी नाही प्यायला. एक म्हातारी वरून येत होती, तिला वाटलं चोर आहे. तिला म्हणतो, माझी मुलगी आत पाहुणी आहे." तो हसता हसता खोकायला लागला. "तुला माहीत नव्हतं?"

"नाही," ती म्हणाली.

तिनं हातातली चूक ओढली. मग पुढची. टेम्पो गेला. बाबा आत आले, तोंडात मूठभर चुका टाकल्या आणि कामाला लागले. ती बराच वेळ त्यांच्या पाठीकडं बघत होती. खांदे बारीक झाले होते. शर्टाला मागं एक शिवण उसवली होती.

"बाबा, डॉक्टरांकडं तुम्ही जिन्यात बसून होतात?"

"हं."

"का?"

हातोडी थांबली. बाबांनी चुका तळहातावर काढल्या. त्या ओल्या होत्या.

"मला काय माहीत, तुला तिथं आवडलं असतं तर?" ते म्हणाले. "घर चांगलंच होतं त्यांचं. म्हटलं, आवाज तरी ऐकू. हसतेय का, बोलतेय का. मग ठरवू."

"आणि आवडलं असतं तर?"

त्यांनी खरंच विचार केला. इतक्या वर्षांनी, पहिल्यांदाच कुणी विचारल्यासारखा.

"मग काय. रोज दुपारी जाऊन बसलो असतो. दुपारी तसंही काम कमी असतं."

त्यांनी चुका परत तोंडात टाकल्या. ती पुढची खुर्ची ओढून बसली. तिच्या आत काही हललं नाही. रडू आलं नाही. फक्त तिला ते सगळं फार स्वच्छ दिसलं. जिना, भिंत, चाळिशीचा एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, आणि जाळीच्या दारापलीकडं काहीही न वाजणारं घर. तो तिच्या खेळावर हसत नव्हता. त्याला तो खेळ वाटलाच नव्हता. दुपारी ती उठली, सुई-दोरा घेतला आणि म्हणाली, "शर्ट काढा." बाबा बनियनवर काम करत बसले. तिनं शिवण घातली. टाके मोठे आणि वाकडे आले, कारण घरात सगळ्यांत वाईट शिवण तिचीच होती.

त्यानंतर ती हळूहळू दुकानात पुढं बसायला लागली. गिऱ्हाइकं कापड निवडताना तासन्‌तास घोळ घालायची, दादा वैतागायचा, बाबा हं म्हणायचे. ती मात्र शांतपणे नमुने दाखवायची. कापडाच्या नमुन्यांचा तिथं नुसता उकिरडा होता. तिनं तो सगळा उपसून रंगाप्रमाणं लावला, कोणतं विटतं, कोणतं घासलं जातं, ते बाबांना विचारून वेगळं केलं. आठवडाभर ती त्याच कामात होती.

पुढच्या सोमवारी दुकानात आली, तर फळी रिकामी. नमुने एका पोत्यात कोंबलेले आणि त्या पोत्यावर दादाचा डबा.

"हे कुणी केलं?"

"मी," दादा म्हणाला. "फोमचे गठ्ठे आलेत. ते कुठं ठेवू, डोक्यावर?"

"मी आठवडाभर लावत होते ते!"

"चिंध्याच तर आहेत."

"चिंध्या? तुला निळा आणि जांभळा यातला फरक कळत नाही! मुख्याध्यापिकाबाईंना काय दाखवलं होतंस तू? त्या बाई शिव्या घालून गेल्या!"

तिचा आवाज चढला होता. गेले कित्येक महिने दादा तिच्याभोवती काचेचं सामान असल्यासारखा वावरत होता. तो क्षणभर बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला आणि तोही जोरात ओरडला, "आल्या मोठ्या शिकवायला! दुकान कोण चालवतं इतकी वर्षं?"

"चालवतोस? झोपतोस! आधी सोफ्याखाली झोपायचास, आता वर झोपतोस!"

"बाबा, हिला सांगा!"

बाबांनी हं केलं. तो कुणाच्या बाजूचा, ते कळलं नाही. स्वयंपाकघरात आईनं नळ बंद केला होता, नीट ऐकू यावं म्हणून. शेजारीण दारात डोकावून म्हणाली, "काय झालं हो?" आई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "काही नाही, मुलं भांडतायत," आणि दार लोटून घेतलं.

ती पोतं जमिनीवर पालथं करून पुन्हा निळे एकीकडं काढायला बसली. कान तापले होते. दादा फोमचे गठ्ठे मुद्दाम आपटत माळ्यावर चढवत होता. संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.